प्रतिनंतरची ओळ

माणसाच्या धंद्याची सवय त्याच्या नजरेत उतरते. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला तरी दाराची फट पाहतो, शिंपी परक्याच्या कोटाची बाही पाहतो. आमची नजर कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर जाते. तेथे जावक क्रमांक आहे काय, दिनांक आहे काय, खाली सहीवर शिक्का बसला आहे की सही शिक्क्यावर बसली आहे, हे पाहिल्यावाचून आम्हांला मजकूर वाचवतच नाही. केंद्र सरकारच्या दिल्लीतील एका कचेरीत दहा वर्षे रजेच्या अर्जांवर टिपण्या लिहून आमची ही अवस्था झाली आहे. ‘या कार्यालयाचे असे मत आहे की’ हे इतक्या वेळा लिहिले, की स्वतःविषयी बोलतानाही आमच्या तोंडी ‘मी’ येत नाही. घरी मात्र आई अजून आम्हांला ‘अरे बाबू’ म्हणते, तेव्हा क्षणभर तरी आम्ही एकवचनी होतो.

ज्या उजव्या हाताने आम्ही या टिपण्या लिहितो, तो हात एका नोंद नसलेल्या माणसाने सांधलेला आहे. १९९९ सालची, मे महिन्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी रतांबे काढायला झाडावर चढलो होतो. उतरलो ते फांदीसकट. मनगटाच्या वर हात भलतीकडेच वळलेला पाहून आई मटकन खाली बसली. वडिलांनी आम्हांला उचलून वरच्या आळीतल्या आबांकडे नेले. आबा म्हणजे वडिलांचे चुलते. त्यांनी आम्हांला शाळेतले पाढे म्हणावयास लावले, आणि सतरा पाचे म्हणत असताना हात असा काही ओढला की पंच्याऐंशी आमच्या तोंडून किंकाळीच्या रूपाने बाहेर पडले. मग कसल्याशा पाल्याचा लेप, बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराची पट्टी. तासातासाने बोटांची नखे दाबून ती पुन्हा तांबडी होतात की नाही ते पाहावे, आणि निळी पडली तर रात्र असली तरी आपल्याला उठवावे, असे त्यांनी आईला बजावले. मोबदला एक नारळ. आणि तोही आईने नेला म्हणून.

आबांच्या ओटीवर, देवाच्या तसबिरींच्या रांगेत, एक पिवळा पडलेला कागद चौकटीत लावलेला होता. आम्ही तो लहानपणी देवाचाच समजून नमस्कार करीत असू. पुढे वाचता येऊ लागल्यावर कळले, की ते आबांच्या वडिलांचे, मुंबई सरकारच्या वेळचे वैद्यकीचे प्रमाणपत्र होते. मुंबई इलाख्यात १९३८ साली वैद्यकी करणाऱ्यांविषयी कायदा झाला. परीक्षा दिलेल्यांची नोंदवही आणि परीक्षा न देता आधीपासून वैद्यकी करीत आलेल्यांची यादी, अशी सोय त्यात होती. त्या यादीत आमच्या पणजोबांचे नाव चढले. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली आयुर्वेद व युनानी चिकित्सकांसाठी नवा कायदा आला आणि नोंद नसलेल्याने वैद्यकी करू नये हे त्याने स्पष्टच सांगितले. पणजोबांचे नाव यादीत होते, पण यादी काही वारसाहक्काने चालत नाही. जमीन मुलाच्या नावे झाली, घर झाले, आंब्याची कलमे झाली. हातातली विद्याही मुलाकडे आली. फक्त क्रमांक आला नाही. आबा आयुष्यभर बापाच्या प्रमाणपत्राखाली बसून हाडे बसवीत राहिले. ओटीवर कोणी अनोळखी, पायांत बूट घातलेला माणूस चढला, की ते कामट्या खाटेखाली सारीत, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्या वेळी आम्हांला त्याचे हसू येई. आता येत नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की कागदावाचून गुणी असलेला माणूस आम्ही लहानपणीच पाहिला होता. तरीसुद्धा पुढे आम्ही जे केले ते केले.

वडील गेल्यानंतर आई तालुक्याच्या गावी एकटी राहू लागली. तिला मधुमेह होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. दर रविवारी सकाळी दूरध्वनीवर बोलणे होई. २०१९ च्या पावसाळ्यात एका रविवारी ती म्हणाली, “अरे बाबू, स्टँडाजवळ एक निसर्गोपचारवाले आलेत. माणूस फार गोड बोलतो. गोळ्यांनी मूत्रपिंडं जातात म्हणाला. त्याचं चूर्ण आणि सकाळी दुधीचा रस चालू केलाय. हलकं वाटतंय बघ.”

आम्ही पदवीधर आहोत, तेव्हा एवढ्यावर विश्वास ठेवणार नव्हतो. त्या गृहस्थाच्या प्रमाणपत्राचे छायाचित्र आम्ही शेजारच्या मुलाकरवी मागवून घेतले. आले. आम्ही ते मोठे करून पाहिले. उजव्या कोपऱ्यात क्रमांक होता. दिनांक होता. शिक्का गोल होता, आणि सही शिक्क्यावर व्यवस्थित बसली होती. वर अशोकस्तंभासारखे काहीतरी चिन्ह होते. नावापुढे अक्षरांची मालगाडी होती. आम्ही आईला म्हटले, “कागदपत्रं ठीक दिसतात. बरं वाटत असेल तर कर चालू.”

वाचकहो, ‘कागदपत्रं ठीक दिसतात’ हे आमचे शब्द. ते प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली दिले आहे, देणाऱ्या संस्थेला ते देण्याचा अधिकार काय, अभ्यासक्रम किती दिवसांचा, हे प्रश्न एखाद्या शिपायाच्या रजेच्या अर्जावर आम्ही अर्ध्या मिनिटात विचारले असते. आईच्या बाबतीत विचारले नाहीत. त्यात थोडा आळस होता, आणि खरे सांगावयाचे तर थोडी सुटका होती. दर महिन्याला गोळ्या मिळाल्या की नाही, तपासणी झाली की नाही, ही बाराशे-चौदाशे किलोमीटरांवरून करावयाची काळजी एका गोड बोलणाऱ्या माणसाने आपल्याकडे घेतली होती.

भाद्रपदात आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चपलेचा अंगठा लागला. साधे खरचटणे. चूर्णवाल्याने हळद लावावयास सांगितली. पंधरा दिवसांनी बोट काळे पडले. शेजाऱ्यांनी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातली साखर इतकी होती की डॉक्टरांनी प्रथम साखर उतरविली आणि मग बोट काढले. आम्ही पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. पायाच्या पट्टीकडे पाहत म्हणाली, “एकच गेलं. नऊ आहेत.” आम्ही काहीच बोललो नाही.

आठ दिवसांनी, तिला घरी आणल्यावर, आम्ही आमच्या धंद्याला साजेल अशी गोष्ट केली. तक्रार लिहावयास बसलो. कोरा कागद घेतला, वर डाव्या बाजूला ‘प्रति,’ लिहिले, आणि तेथेच थांबलो. पुढची ओळ काय लिहावी?

कचेरीत ही ओळ कधी अडत नाही. पण येथे अडली. भारतीय चिकित्सा पद्धतींच्या नोंदणी-कचेरीत विचारले. तिथल्या लिपिकाने, आमच्याच जातीच्या सभ्य कोरडेपणाने, नाव तपासले आणि सांगितले की हे गृहस्थ आमच्या नोंदवहीत नाहीत. जो नोंदवहीत आहे त्याचे नाव आम्ही कमी करू शकतो, जो नाहीच त्याचे काय कमी करणार? उत्तर नियमाला धरून होते. आम्हीही तेच दिले असते. पोलीस चौकीवर विचारले, त्याने औषध दिले की सल्ला? सल्ला दिला असेल तर तो गुन्हा कसा? ग्राहक न्यायालयाचा रस्ता मोकळा होता. पण त्याला आई तयार होईना. “मला कोर्टात नेऊन बोट परत मिळणार आहे का?” असे ती म्हणाली, आणि तिच्या त्या प्रश्नालाही आमच्याजवळ ‘प्रति’ नव्हते.

दिल्लीस परत आल्यावर आम्ही हा विषय एखाद्या प्रलंबित प्रकरणासारखा वाचून काढला. १९७० साली संसदेने भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचा कायदा केला, १९७३ साली होमिओपॅथीचा. पहिल्यात आयुर्वेद, युनानी व सिद्ध होते. २०१० साली लडाखकडची सोवा-रिग्पा ही पद्धतीही त्यात घेण्यात आली. २०२० साली दोन्ही कायदे बदलून राष्ट्रीय आयोग नेमण्याचे नवे कायदे झाले. प्रत्येक वेळी निसर्गोपचार बाहेर राहिला. म्हणजे केंद्राच्या कायद्याने त्याची नोंदवहीच नाही. राज्याने ठेवली तर ठेवली.

यातली विसंगती परप्रांती नोकरी करणाऱ्याला लवकर उमगते. १९६१ साली महाराष्ट्राने कायदा केला तो आयुर्वेद व युनानीपुरता. त्याच सालच्या कर्नाटकाच्या कायद्याच्या नावातच मात्र निसर्गोपचार आणि योग हे शब्द आहेत. साडेपाच वर्षांचा निसर्गोपचार व योगविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम पुरा केलेला पदवीधर बेळगावात नोंदणीकृत चिकित्सक असतो. तोच कोल्हापुरास आला की त्याच्यात आणि स्टँडाजवळच्या आमच्या चूर्णवाल्यात फरक कोणता, हे सांगणारी नोंदवही आम्हांला त्या वेळी सापडली नाही. बदली होऊन आलेल्या आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अधिवासाचा दाखला मिळविताना आपण जे भोगतो, ते येथे एका अख्ख्या विद्येने भोगावे!

आणि ही विद्या काही परकी नव्हे. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी पुण्याजवळ उरुळी कांचनला जाऊन राहिले आणि खेड्यातल्या गरिबांसाठी त्यांनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. मणिभाई देसाई त्या कामासाठी तेथे राहिले ते जन्मभर. पुण्यात दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचारगृहात गांधीजी मुक्कामाला असत. त्याच वास्तूत केंद्र सरकारने १९८६ साली राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था स्थापिली. तेव्हा ज्या सरकारचे आम्ही मीठ खातो, ते सरकार ही विद्या शिकविण्या-सांभाळण्यासाठी संस्था चालविते, तिच्यासाठी दरवर्षी १८ नोव्हेंबरला दिवस पाळते, पण ती विद्या कोणी वापरावी हे सांगणारी, कायद्याने बांधलेली देशभराची एक वही मात्र ठेवीत नाही. पाहुण्याला ओटीवर बसवून चहा द्यावा आणि नाव मात्र विचारू नये, तसे हे झाले.

हे सारे आम्ही त्राग्याने वाचीत होतो, तोच आमच्या मेजावर एक अर्ज आला. आमच्या विभागातले एक वयस्क लघुलेखक मंगळूरकडचे. वर्षानुवर्षे वाकून बसल्याने त्यांची कंबर धरली होती. रजा घेऊन ते आपल्या मुलखातल्या एका निसर्गोपचार रुग्णालयात चोवीस दिवस राहून आले. गेले तेव्हा भिंत धरून चालत होते. आले ते ताठ. सोबत प्रमाणपत्र होते. डॉक्टरची पदवी साडेपाच वर्षांची, कर्नाटकातला नोंदणी क्रमांक स्पष्ट. त्यांनी परिवर्तित रजा मागितली होती, म्हणजे पूर्ण वेतनाची. आणि तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते.

आम्ही १९७२ चे रजा-नियम काढले. नियम १९. अराजपत्रित कर्मचारी केंद्रीय आरोग्य योजनेचा लाभार्थी असेल, तर प्रमाणपत्र कोणाचे हवे ते तेथे सांगितले आहे. खासगी निसर्गोपचार रुग्णालयाचे डॉक्टर त्यात बसत नव्हते. आम्ही लिहिले, “सदर प्रमाणपत्र नियमानुसार ग्राह्य धरता येत नाही. अर्धवेतनी रजा मंजूर करण्यास हरकत नसावी.” वरच्या साहेबांनी खाली ‘सहमत’ लिहिले. चोवीस दिवसांचे अर्धे वेतन गेले.

लघुलेखक दुपारी आमच्या मेजाशी आले. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी हिंदीत एवढेच म्हटले, की आपली टिपणी नियमाप्रमाणे बरोबर आहे, फक्त तिच्यात एका ठिकाणी व्याकरणाची चूक राहिली होती, ती टंकित करताना मी सुधारली. आणि ते ताठ चालत निघून गेले.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. एका कागदावरचा शिक्का गोल पाहून आम्ही आईचे बोट घालविले. दुसऱ्या कागदावर खरा क्रमांक असूनही तो आमच्या रकान्यात बसला नाही, म्हणून एका सज्जनाचे पैसे घालविले. दोन्ही वेळा आम्ही माणसाकडे पाहिलेच नव्हते. कागद पाहिला होता, आणि कागदही धडपणे वाचला नव्हता.

मग नोंदवह्या जाळून टाकाव्यात काय? एकदा तसे वाटून गेले. आबांच्या कामट्या आठवल्या म्हणजे तसे वाटतेच. केरळातल्या परंपरागत वैद्यांनीही नेमके हेच गाऱ्हाणे न्यायालयापुढे मांडले होते, की पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात विद्या आहे, आम्हांला पदवी कशाला? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. मान्य पात्रता व नोंद नसलेल्यास वैद्यकी करता येणार नाही असाच निकाल दिला. निकाल वाचताना आमचे मन आबांच्या ओटीवर होते. तरी आईच्या पायाकडे पाहून न्यायाधीशांशी भांडण्याचे बळ आमच्यात उरले नाही. कारण प्रत्येक आबाच्या मागे दहा चूर्णवाले उभे असतात आणि तेही आपल्याला परंपरेचेच म्हणवितात. दाराशी आलेल्या रोग्याला दोघांतला भेद कसा कळावा? नखे तासातासाने पाहा असे सांगणारा कोण आणि काळ्या बोटाला हळद लावणारा कोण, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

नोंद असली म्हणजे सारे झाले असेही नाही. मुंबईतल्या एका प्रकरणात नोंदणीकृत होमिओपॅथने आपली पद्धत सोडून ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रोगी दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. पण त्या विधवेला एक गोष्ट मिळाली, जी आम्हांला मिळाली नाही. तिला ‘प्रति’नंतरची ओळ लिहिता आली. तो कोण, त्याने काय शिकले, त्याची मर्यादा कोठे संपते, हे कोठेतरी लिहून ठेवलेले होते, आणि म्हणून ती मर्यादा त्याने ओलांडली हे सिद्ध करता आले. आबांचे कौशल्य कोणत्याही वहीत मावले नसते हे खरे. पण चूर्णवाल्याची जबाबदारी वहीत मावली असती.

अखेर आमचीही एक ओळ पुरी झाली, ती मात्र आडवाटेने. आईच्या उशाखाली त्या गृहस्थाचे एक पत्रक सापडले. अमुक चूर्णाने मधुमेह मुळापासून बरा, असे त्यावर छापले होते. अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ सालचा आहे, आणि ज्या रोगांवर हमखास औषध म्हणून जाहिरात करावयाची नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. आम्ही तक्रार लिहिली. आईच्या बोटाबद्दल नव्हे, छापील कागदाबद्दल. जिल्ह्याच्या संबंधित अधिकाऱ्यांकडून पोच आली, तिच्यावर क्रमांक व दिनांक आहे. कारवाई काय झाली ते कळले नाही. स्टँडाजवळची पाटी तेवढी उतरली. बोटाला कायदा नव्हता, पत्रकाला होता; आम्ही जे मिळाले ते घेतले.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आबा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा नातू आयुर्वेदाचा पदवीधर होऊन त्याच ओटीवर बसतो. भिंतीवर पणजोबांच्या पिवळ्या कागदाशेजारी त्याचे पांढरे प्रमाणपत्र लागले आहे, ठळक क्रमांकासह. आम्ही त्याला विचारले, “काय रे, हाडं बसवतोस का?”

तो हसून म्हणाला, “नाही दादा. क्ष-किरणाला पाठवतो आणि मग अस्थितज्ज्ञाकडे. आबांचा हात मला आला नाही. शिकवा म्हणून मागं लागलो होतो, तर म्हणाले, तू आधी परीक्षा दे, तुला कामट्या लपवाव्या लागू नयेत. परीक्षा झाली तोवर ते राहिले नाहीत.”

आम्ही काही वेळ ओटीवर बसून राहिलो. हात गेला आणि क्रमांक आला. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असावीत अशी व्यवस्था आमच्या हयातीत होईल की नाही, कोण जाणे. तोवर परमुलखात असलेल्या आमच्या बंधूंना एवढेच सांगावेसे वाटते, की रविवारच्या दूरध्वनीत आई बरे वाटते म्हणाली, तर गोळ्या चालू आहेत का हे विचारावे; आणि तिने कोणाचे नाव सांगितले, तर त्या नावाची नोंद कोणत्या वहीत आहे, त्या वहीचा पत्ता काय, हेही विचारावे. हा प्रश्न रूक्ष आहे, कचेरीचा आहे. आम्ही तो एकदा विचारला नाही.

आई आता बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते. चालताना किंचित डावीकडे झुकते. निघताना तिने आमचा उजवा हात हातात घेतला, मनगटाच्या वर जेथे हाड जुळले आहे तेथे अंगठा फिरविला आणि म्हणाली, “आबांनी काय बसवलाय, नाही?” आम्ही म्हटले, “हो.”

दिल्लीस आल्यावर, याच हाताने, आम्ही लघुलेखकांचे प्रकरण पुन्हा उघडावे अशी टिपणी लिहिली आहे. नियमात बसेल असे वाटत नाही. पण या वेळी त्यांचे प्रमाणपत्र आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि व्याकरण दोनदा तपासले.